पोतनीसजींचा दुसरा डबा

नवीन माणूस नोकरीला लागला की लोक त्याला नाव विचारतात, गाव विचारतात, चहा घेणार का विचारतात. पोतनीसजींनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "समजा ताई, आत्ता या मिनिटाला ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बसले, तर आपण काय कराल?"

मी खुर्चीच्या टोकावर बसले होते. समोरचं ते यंत्र चालू कसं करतात हेच मला त्या दिवशी सकाळी कळलं होतं. मी खरं ते सांगितलं. "घरी जाईन."

त्यांनी एका खिशातून चष्मा काढला, तो लांबचा निघाला म्हणून दुसऱ्या खिशातून जवळचा काढला, आणि माझं उत्तर वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, नोकरी सुरू व्हायच्या आधीच गेली. पुढं कळलं की त्या वहीत माझ्याआधी नऊ जणांची उत्तरं होती आणि नऊच्या नऊ जणांनी एकच सांगितलं होतं : पोतनीसजींना फोन करू. "कमीत कमी ताईंकडे स्वतःचा प्लॅन तर आहे," असं ते नंतर चारचौघांत सांगायचे, आणि मी पदराआड तोंड लपवायची.

आमची कंपनी इंदूरच्या सांवेर रोडला. पाइपांच्या जोडात बसतात ती रबरी सीलं आम्ही बनवतो. माझे मिस्टर तिथं मोल्डिंगला आहेत. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. इंदूरला आलो तेव्हा मला हिंदी येत नव्हती हे ठीक, पण इथली मराठीही कळायची नाही. "मी येऊनच राहिलो होतो, पण काय आहे की गाडीच खराब झाली" असं कुणी म्हणालं की मी अर्ध्यावरच हरवायची. डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर जातो त्या टेबलावर, चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवायला बाई हवी होती. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी "दहावी पास" लिहिलं. खरं तर मी नववीतून शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली आणि पाठची दोघं लहान होती, एवढंच त्याचं कारण. जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला दिला, तो फाइलीला लागला, आणि त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. पण त्या दिवसापासून ऑफिसात कुणी "कागदपत्रं" असा शब्द जरी उच्चारला तरी माझी नजर आधी फाइलींच्या कपाटाकडं जायची.

पोतनीसजी हे कंपनीचे कॉम्प्युटरवाले. पूर्वज होळकरांच्या खजिन्यावर होते असं ते सांगायचे, आणि मग लगेच, "त्या खजिन्याची कॉपी नव्हती, हाच प्रॉब्लेम झाला," असंही जोडायचे. आग लागो, पाणी शिरो, व्हायरस येवो, कंपनीचं काम पुन्हा उभं कसं करायचं याची तयारी करणं हे त्यांचं काम. म्हणजे जे घडलेलंच नाही त्याचं काम. साहजिकच, ते काही काम करतात यावर ऑफिसात कुणाचाही विश्वास नव्हता.

प्रत्येक वस्तू त्यांच्याकडे दोन असायची. दोन पेनं, दोन रुमाल, स्कूटरच्या डिकीत दोन रेनकोट. दुसरा कशाला, तर पहिला फाटला तर. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एकदा कंपनीच्या दिवाळीला आल्या होत्या, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या लग्नाला यांनी दोन कार्यालयं ठरवली होती. एकात पाणी नाही आलं तर. अर्धं वऱ्हाड दुसऱ्या कार्यालयात जाऊन बसलं."

"पण लग्न लागलं ना," पोतनीसजी म्हणाले.

"लागलं. माझे मामा दुसरीकडे अक्षता घेऊन बसले होते."

त्यांच्या पिशवीत डबेही दोन. दोन्ही स्टीलचे, दोन्ही सारखे. एकात पोळीभाजी आणि वर चिमूटभर सेव. दुसऱ्यात मऊ फडक्यात गुंडाळलेली, कंपनीच्या सगळ्या माहितीची प्रत असलेली डिस्क. रोज संध्याकाळी एक प्रत वायरीतून पोलोग्राउंडच्या आमच्या जुन्या कारखान्यात जायची, तिथं एक जादा मशीन ठेवलं होतं. आणि दुसरी प्रत या डब्यातून स्कूटरवर बसून रामबागेत त्यांच्या घरी. "मूळ आणि प्रत शक्यतो एका गावात नको. एका छपराखाली तर बिल्कुल नको," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी विचारलं, वायरीतून जाते तर डबा कशाला? म्हणाले, "वायर प्रत पण नेते आणि रोग पण नेते. डबा कुणाशी बोलतच नाही."

दुसरं वाक्य होतं, "उघडून पाहिल्याशिवाय प्रत मानायची नाही." दर सोमवारी सकाळी ते त्या डिस्कवरच्या मनाला येतील त्या फायली उघडून पाहायचे. उघडते का, आणि आत तेच आहे का जे बाहेर लिहिलंय. एका सोमवारी "डिस्पॅच फायनल" नावाची जडच्या जड फाइल उघडली तर आत सेल्सच्या मॅनेजरसाहेबांच्या साखरपुड्याचे फोटो. चारशेच्या वर. पोतनीसजींनी एकूण एक पाहिला, कारण तपासायचं म्हणजे तपासायचं, आणि दुपारी जेवताना मॅनेजरसाहेबांना इथल्या पद्धतीनं भाऊ म्हणत गंभीरपणे सांगितलं, "भिया, आग लागली तरी तुमचा साखरपुडा सुरक्षित आहे. फोटो नंबर बासष्टमध्ये डोळे मिटलेले आहेत फक्त."

आता वहीबद्दल. खाकी कव्हरची फुलस्केप वही, आणि तिच्यात सत्तावीस ओळी. संकट आलं तर काय करायचं, एकामागून एक. दर शनिवारी अकरा वाजता पोतनीसजी सर्वरच्या खोलीत जायचे, स्वतःच्या हातानं एक वायर उपटायचे आणि बाहेर येऊन, एखादं माणूस गेल्याचं सांगावं तशा आवाजात सांगायचे, "सर्वर गेला." मग कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसायचे. लोक उसासे टाकत उठायचे, चहाला जायचे. पण वही वाचून सगळं परत उभं करायला कुणीतरी लागायचं. त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबले. "या ताई करतील."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "पोतनीसजी, कुणी शिकलेला घ्या ना."

"शिकलेला माणूस वही वाचतच नाही हो. त्याला सगळं माहीत असतं."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला ते लागलं. बरं, घाबरले होते ते वेगळंच. वही उघडली. पहिली ओळ होती : "घटनेचे प्राथमिक मूल्यांकन करून तीव्रता निश्चित करावी." मी ती तीनदा वाचली. चौथ्यांदा अक्षरं दिसेनात, डोळे भरून आले.

पोतनीसजींनी घड्याळ थांबवलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, "मला न्हाई जमायचं." ते म्हणाले, "कुठं अडखळलात?" मी बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि तिथं लिहिलं : "आधी खुर्चीवर बसा. पाणी प्या. मग पुढची ओळ वाचा."

"हे तुम्ही माझी चेष्टा करताय," मी म्हणाले.

"ओळ चुकीची होती, ताई. आज बदलली."

मग दर शनिवारी तेच. मी वाचायची, अडखळायची, ते खोडायचे. "फेलओव्हर सुरू करावे" गेलं, "पोलोग्राउंडच्या मशीनला जागं करा" आलं. एकदा माझ्या तोंडून "तवर थांबायचं का?" असं गेलं. "तवर म्हणजे?" "तोपर्यंत." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "छोटा आहे, सही आहे," म्हणाले आणि सोळाव्या ओळीत "तवर थांबा" लिहून टाकलं. सांवेर रोडवरच्या कंपनीच्या वहीत गडहिंग्लजचा शब्द बसला. त्या दिवशी घरी जाताना मी उगाचच हसत होते.

दोन वर्षांत ती वही मला तोंडपाठ झाली. आणि तेव्हाच ऑफिसात नव्या एच.आर. मॅडम आल्या. तरुण, कामाला चोख. त्यांनी नोटीस लावली : सगळ्यांनी होळीनंतर आपापल्या प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती दाखवायच्या. ती नोटीस मी रोज येता-जाता वाचायची, जणू एखाद्या दिवशी तिच्यातला मजकूर बदलेल. नोकरी गेली तर गेली, पण "खोटं लिहिलं" म्हणून जाणार, आणि ते पोतनीसजींच्या देखत. हे मला सहन होणार नव्हतं.

रंगपंचमीला इंदूर कामाचं राहत नाही, म्हणून आमच्याकडे आदल्या दिवशीच दुपारपासून आवारात रंग सुरू होतो. त्या वर्षी मोल्डिंगच्या पोरांना कल्पना सुचली की साचे धुवायचा प्रेशरचा पंप आहे, तर पिचकारी कशाला? गुलाबी पाणी दोन मजले उंच उडालं. सर्वरच्या खोलीचा एसी बिघडला होता म्हणून कुणीतरी वरची झडप उघडी ठेवली होती. बाकी काय सांगू. आम्ही दार उघडलं तेव्हा सर्वर नव्या नवरीसारखा गुलाबी झालेला होता आणि त्याच्यातून ठिबकत होतं.

फाटकाशी ट्रक उभा. माल भरलेला, पण कॉम्प्युटरवरून बिल निघाल्याशिवाय तो हलू शकत नव्हता, आणि माल त्याच दिवशी निघायलाच हवा होता. पोतनीसजींचं त्या दिवशी सकाळीच मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते नेहमीप्रमाणे दोन दिवस आधी सगळ्यांना बजावून गेले होते, "मी नाही, असं समजून चला." सगळ्यांनी एकदमच त्यांना फोन लावला. काकूंनी उचलला. "ते आत्ताच घरी आलेत, औषधानं झोपलेत. डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीवर बसले. पाणी प्याले. पुढची ओळ वाचली.

पोलोग्राउंडला फोन केला, तर तिथलं मशीन ठीक, पण गेले पाच दिवस रस्ता खोदलेला, वायर तुटलेली, प्रत पोचलेलीच नाही. म्हणजे उरला डबा. मी रिक्षानं रामबागेत गेले. काकूंनी दारातच डबा हातात ठेवला, "घे गं, धावत आलीस." मी वळणार, तेवढ्यात आठवी ओळ आठवली : "डबा घेतल्यावर तिथंच, दारातच उघडून पाहा." उघडला. आत चिवडा.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, दोन्ही सारखेच गं मेले. तो तुझ्या मुलांसाठी ठेवला होता." मग देवघराशेजारच्या कपाटातून दुसरा आला. तोही उघडला. फडकं, आत डिस्क. आतल्या खोलीत पोतनीसजी डोळ्याला पट्टी बांधून झोपलेले दिसले. उशाशी दोन पाण्याचे तांबे.

पोलोग्राउंडला पोचले तर छोट्या साहेबांनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, बाहेरून एक इंजिनियर बोलावलेला. हुशार मुलगा. त्यानं हात पुढं केला. "लाइए, लगा देता हूँ."

चौदावी ओळ अशी : "डिस्क लावण्याआधी तिची एक प्रत काढा आणि ती प्रत लावा. मूळ डब्यातच ठेवा. घाई असेल तर नक्कीच काढा." मी ती त्याला वाचून दाखवली.

"मॅडम, डेढ घंटा जाएगा उसमें. ट्रक खड़ा है."

"चौदावी ओळ आहे," मी म्हणाले.

"आपने क्या किया है? आईटी?"

मी डबा दुसऱ्या हातात घेतला. छोटे साहेब म्हणाले, "मंगलताई, देऊन टाका. ते इंजिनियर आहेत." माझे कान तापले. समजा मी चुकले असेन तर? पुढच्या आठवड्यात मॅडम माझे कागद बघणार, आणि सगळे म्हणणार, नववीतून शाळा सोडलेल्या बाईनं दीड तास ट्रक अडवला. पण डबा माझ्या हातातून सुटेना. मी म्हणाले, "साहेब, ही एकच उरलीय. पोतनीसजींनी लिहिलंय. मी दोन वर्षं हेच वाचतीय." छोट्या साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बना दो भई कॉपी."

प्रत काढली. लावली. अर्ध्यावर येऊन ती बिघडली, उघडेचना. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या मुलानं दोनदा घाम पुसला. मग माझ्याकडं वळून हात पुढं केला, डबा मागायला नव्हे, वही मागायला. त्यानं चौदावी ओळ स्वतः वाचली आणि मुळावरून दुसरी प्रत काढायला बसला. ती चालली. बिल तिथंच छापून फाटकावर पोचवलं आणि ट्रक उजेड असतानाच गेला. सर्वरला मात्र पुढं महिनाभर गुलाबी वास होता असं लोक म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. वहीची जबाबदारी यापुढं अधिकृतपणे माझ्याकडं, पोतनीसजी पुढच्या वर्षी रिटायर होतायत. "उद्या फक्त तुमचं दहावीचं ओरिजिनल आणा, ऑर्डर काढते." मी हो म्हणून बाहेर आले आणि सरळ रामबागेत गेले.

पोतनीसजी काळा चष्मा लावून आरामखुर्चीत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठं अडखळलात?"

चिवड्याचं सांगितलं. त्यांनी आतल्या दिशेनं आवाज दिला, "ऐकलं का, आठव्या ओळीवर तुम्ही फेल झालात."

"दोन्ही डबे एकसारखे कुणी आणले?" आतून उत्तर आलं.

"हां, हे बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मला लिहायला सांगितलं : डिस्कच्या डब्याला लाल दोरा. मी लिहिलं. मग वही मिटली आणि सांगून टाकलं. फॉर्मवर खोटं लिहिलंय, मी नववीतून सोडलेली आहे, उद्या मी राजीनामा देते, तुम्हाला इतरांकडून कळू नये म्हणून आले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कव्हर काढा."

"कशाचं?"

"वहीचं."

खाकी कागदाखाली पुठ्ठ्यावर त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती. शाई जुनी झालेली. "यातली प्रत्येक ओळ, वाचणारी व्यक्ती नववीपर्यंत शिकलेली आहे असे धरून लिहावी."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या दाखल्याची कॉपी डिस्कवर आहे. सोमवारी उघडून पाहिली. तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच सोमवारी." आणि मग, जसं काही हवापाण्याचं बोलावं तसं, "राजीनामा वगैरे नका देऊ. मॅडमना सांगा. तुम्हीच सांगा. मी मागं उभा राहतो, दुसरी प्रत म्हणून."

ते खरंच उभे राहिले, काळ्या चष्म्यात, हातात पिशवी घेऊन. मॅडमनी माझं ऐकलं, वहीचा तो पुठ्ठा वाचला, बराच वेळ वाचला. म्हणाल्या, खोटं लिहिलंत ते चूकच. बाहेरून दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरा. तवर, त्या "तोपर्यंत" म्हणाल्या, तवर ऑर्डरवर नाव पेन्सिलीनं लिहिते.

मी फॉर्म भरला. शनिवारी सर्वर परत उभा केला की पोतनीसजी मला गणित शिकवायला बसायचे. मी एकदा गणितात गेले. ते म्हणाले, "परीक्षा दोनदा असते, चांगली सोय आहे." दुसऱ्यांदा मी पास झाले.

निकाल आला तेव्हा ते रिटायर होऊन मुलीकडं नाशिकला निघाले होते. मी स्टेशनवर गेले. काकू डब्यात जाऊन बसल्या होत्या, आणि पोतनीसजी फलाटावर घामाघूम होऊन एकेक खिसा चाचपत होते. तिकीट फोनवर होतं, फोन सापडत नव्हता. कागदावरही होतं, तो कागद कुठं ठेवलाय ते आठवत नव्हतं. माझ्याकडं पाहून म्हणाले, "ताई, दोन्ही गेले."

"बाकावर बसा," मी म्हणाले. "पाणी प्या."

ते बसले. पाणी प्याले. फोन हातातल्या पिशवीतच होता, आणि कागद त्याच फोनच्या खोळीत. त्यांनी ते पाहिलं, मी पाहिलं.

मी पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. "दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत आहे. मूळ माझ्याकडं इंदूरला राहील. ही तुम्ही नाशिकला ठेवा."

त्यांनी मान डोलावली, वर चढले. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी होते. एक चष्मा काढून त्यांनी दुसरा लावला, कागदाची घडी उलगडली आणि वरपासून खालपर्यंत एकेका विषयावर बोट ठेवत वाचायला लागले. काकू त्यांना माझ्याकडं हात करायला सांगत होत्या. ते गणितापाशी पोचले होते.